एक चढ, पन्नास रुपये फक्त!

सांगा बघू, डोंगराची किंमत किती? पायथ्याशी असलेल्या सेकंड होमची नव्हे, डोंगर दिसणाऱ्या टू बीएचकेची तर नव्हेच नव्हे. नुसत्या डोंगराची! हा प्रश्न आपल्याला कधी पडतच नाही, कारण आपल्याकडे डोंगर फुकट आहेत. रविवारी पहाटे हेल्मेट चढवायचं, घाट गाठायचा, धापा टाकत वर जायचं, टपरीवर चहा-भजी हाणायची आणि सोमवारी ऑफिसात दुखऱ्या मांड्या चोळत मिरवायचं. सह्याद्रीने आजवर कुणाकडेही एंट्री फी मागितलेली नाही.

पण ज्यांच्याकडे डोंगरच नाही, त्यांनी काय करायचं?

नेदरलँड्सचंच घ्या. माणसांपेक्षा सायकली जास्त असलेला देश. आणि चढ? औषधालाही मिळत नाही. देशाच्या अगदी दक्षिण टोकाला वाल्सरबर्ग नावाची टेकडी आहे, उंची ३२२ मीटर. आपलं पुणं बसल्या जागी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, यावरून काय ते समजा! तर २०११ मध्ये थाइस झोनेवेल्ड नावाच्या पत्रकाराने एका कॉलममध्ये एक भन्नाट कल्पना मांडली. हा गडी आधी सायकल रेसर होता. त्याचं म्हणणं असं, की सपाटीला कंटाळलो, आता आपणच एक डोंगर बांधू या. चांगला दोन किलोमीटर उंच!

गंमत म्हणून लिहिलेलं लोकांनी चक्क मनावर घेतलं. सायकलिंग, स्कीइंग, क्लाइंबिंगवाल्या संघटना उत्साहाने पुढे आल्या. इंजिनिअर मंडळी कागद-पेन्सिल घेऊन बसली. डोंगर कुठे बांधायचा, समुद्र हटवून मिळवलेल्या फ्लेव्होलँडमध्ये की थेट समुद्रातच, यावर चर्चा झडल्या. मोहिमेचं नावसुद्धा ठसक्यात होतं. त्याचा मराठीत अर्थ काढायचा तर ‘डोंगर होणारच!’ पुढे आकडे समोर आले आणि डोंगर कागदावरच राहिला. त्याआधी २००९ मध्ये बर्लिनच्या बंद झालेल्या टेम्पलहोफ विमानतळावर हजार मीटरचा डोंगर उभा करायचं स्वप्न याकोब टिगेस या आर्किटेक्टने दाखवलं होतं. तेही चित्रातच राहिलं.

विकतचा डोंगर मात्र प्रत्यक्षात आलाय बरं का, पण पडद्यावर. झ्विफ्ट या ऑनलाइन सायकलिंग गेममध्ये २०१८ साली ‘आल्प द्यू झ्विफ्ट’ आला. फ्रान्समधल्या आल्प द्युएज या फेमस घाटाची हुबेहूब नक्कल, एकवीस वळणांसकट. सायकल ट्रेनरवर लावायची, महिन्याची फी भरायची आणि बेडरूममधल्या पंख्याखाली घाम गाळायचा. चढ आला की ट्रेनर पेडल जड करतो. म्हणजे चढासाठी माणसं पैसे मोजतात, एवढं तर सिद्ध झालंय.

आता तुम्ही म्हणाल, या बाईला हे सगळं उकरायचं कारण काय? कारण माझ्या चुलतभावाला असाच एक डोंगर विकायचाय. आणि तो डोंगर आमच्या घरामागे आहे.

आमचं गाव शहराच्या कचरा डेपोला खेटून आहे. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा ते नुसतं टेकाड होतं. दहावीला बसले तोवर ते गावातल्या देवळाच्या कळसाच्या वर गेलं. मास कॉमला ॲडमिशन मिळाली तेव्हा ते हायवेवरून दिसायला लागलं होतं. होस्टेलवर मुली विचारायच्या, “तुझं गाव नेमकं कुठे गं?” मी शेजारच्या गावाचं नाव सांगायचे. वारा फिरला की आई दारं-खिडक्या लावून घेते. पावसाळ्यात डेपोतून काळं पाणी सुटतं, त्याला गावात ‘काळं पाणी’ असंच म्हणतात. आमच्या विहिरीचं पाणी आता फक्त म्हशींच्या गोठ्यात वापरतात, आणि म्हशीही ते नाक मुरडूनच पितात.

माझा चुलतभाऊ तेवीस वर्षांचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा, हप्त्यावर घेतलेली माउंटन बाइक आणि डोक्यात सतत बिझनेस आयडिया! डेपोच्या एका भागात आता कचरा टाकणं बंद झालंय, वरून माती पसरलीय. त्या मातीवर गवत उगवलेलं त्याने पाहिलं आणि त्याची ट्यूब पेटली. वरपर्यंत नागमोडी रस्ता करायचा. एका बाजूला खडा चढ, दमदार लोकांसाठी. तिकीट पन्नास रुपये फक्त. वर सेल्फी पॉइंट, खाली मिसळ. वर्षातून एकदा ‘एव्हरेस्टिंग’ची स्पर्धा, म्हणजे एकच चढ पुन्हा पुन्हा चढून एकूण ८,८४८ मीटर पूर्ण करायचे.

“ताई, तू छाप ना हे,” तो म्हणाला. “शहरातली पब्लिक तुझं वाचते.”

इथवर ठीक होतं. पण एका रात्री काकूचा फोन आला. पोरगा स्वतःच्या वाट्याची पंधरा गुंठे जमीन विकायला निघाला होता. गिऱ्हाईकसुद्धा तयार होतं. काकू म्हणाली, “तू शिकलेली आहेस. तुझंच ऐकेल तो. काय ते नीट बघून सांग त्याला.” आमच्याकडे आता विकण्यासारखं तेवढंच उरलंय. डेपोशेजारच्या जमिनीला भाव तो काय येणार! पण जमीन ती जमीन.

मग मी आणि तो कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. म्हटलं, क्षणभर विसर की तुझा डोंगर आयता आहे. समज, सपाट जमिनीवर पन्नास मीटर उंचीचा डोंगर नव्याने उभा करायचाय. मातीचा ढीग घसरू नये म्हणून त्याला ऐसपैस बूड लागतं. तीन मीटर आडवं गेल्यावर एक मीटर उंची, असा उतार धरला तर पायथ्याचा घेर तीनशे मीटर रुंद होतो. शाळेतलं शंकूचं सूत्र वापरलं आणि उत्तर आलं, जवळपास बारा लाख घनमीटर माती. एका डंपरमध्ये पंधरा घनमीटर बसते असं धरलं, तर ७८ हजारांवर फेऱ्या. रोज शंभर डंपर ओतले तरी दोन वर्षांहून जास्त! एका फेरीचे तीन हजार रुपये पकडले तर नुसत्या मातीचे साडेतेवीस कोटी. पन्नास रुपये तिकिटाने ते वसूल करायला ४७ लाख तिकिटं खपायला हवीत. रोज दोनशे लोक आले तर चौसष्ट वर्षं लागतील. तोवर आपण दोघंही वर पोचलेलो असू, तेही सायकलशिवाय!

तो खूप हसला. मग म्हणाला, “ते झोनेवेल्डचं काय झालं असतं गं?” तेही काढलं. तोच उतार धरून दोन किलोमीटर उंचीला ७५ अब्ज घनमीटर. उंची चाळीस पट केली की माती चौसष्ट हजार पट लागते. तिथे आम्ही कॅल्क्युलेटर बंद केला.

दुसरा लोचा वेळेचा. सायकल धरून ऐंशी किलोचा माणूस, पायांत बऱ्यापैकी दम, म्हणजे दोनशे वॅट. पन्नास मीटर उंची गाठायला त्याला तीन-साडेतीन मिनिटं लागतात. दहा टक्क्यांचा चढ असेल तर अर्धा किलोमीटर रस्ता. तेवढ्यात खेळ खल्लास. एव्हरेस्टिंगवाल्याला हाच चढ १७७ वेळा चढावा लागेल. असे वेडे वर्षातून किती येणार?

या आकडेमोडीतून मला एक गोष्ट कळली. तिकिटासाठी डोंगर बांधणं कुणालाच परवडत नाही. जगात माणसाने केलेले कितीतरी डोंगर दुसऱ्याच कशातून तरी उरलेले आहेत. बर्लिनचा टॉयफेल्सबर्ग दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या घरांच्या राडारोड्याचा. म्युनिकच्या ऑलिम्पिक पार्कमधली टेकडीही तशीच. उत्तर फ्रान्समधले काळे सुळके कोळशाच्या खाणींतून निघालेल्या दगडमातीचे. आधी कुणाला तरी काहीतरी टाकून द्यायचं असतं. ढीग होतो. मग खूप वर्षांनी कुणीतरी म्हणतं, अरे, काय मस्त चढ आहे! आयता डोंगर फुकट मिळतो खरा, पण त्याची किंमत पायथ्याच्या लोकांनी आधीच मोजलेली असते.

आणि असा एक कचऱ्याचा डोंगर खरोखरच सायकलवाल्यांचा अड्डा झालाय. तोही त्याच सपाट नेदरलँड्समध्ये! शाळेतली एक मैत्रीण नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे झ्वोल शहरात राहते. ती कधीची बोलावत होतीच. साठवलेले पैसे मोडले, दोन इंग्रजी फीचर्सचं मानधन ॲडव्हान्स मागितलं आणि गेले.

ड्रेंथ प्रांतात वाइस्टर नावाचं खेडं आहे. १९२९ साली तिथे ‘वाम’ नावाची कचरा कंपनी सुरू झाली. हेगसारख्या शहराचा कचरा रेल्वेच्या डब्यांतून तिथे यायचा. त्याचं खत करून माळरानं शेतीखाली आणायची, अशी मूळ कल्पना. जे खत झालं नाही ते साचत गेलं आणि सपाट प्रांतात टेकडी उभी राहिली. सायकल रेसवाल्यांच्या नजरेतून ती सुटणार थोडीच? प्रांतात होणाऱ्या रेसचा मार्ग तिच्यावरून जाऊ लागला. पुढे २०१८ च्या सुमारास टेकडीवर सायकलींसाठी खास रस्ते झाले आणि तिला झोकात नाव मिळालं, ‘कोल द्यू वाम’. कोल म्हणजे फ्रेंचमध्ये खिंड, घाट. आल्प्समधल्या नामांकित घाटांची नावं अशीच असतात. कचऱ्याच्या ढिगाला आल्प्सचं नाव, डच लोकांचा विनोद म्हणतात तो हा! २०२० मध्ये नेदरलँड्सची राष्ट्रीय रोड रेस तिथे झाली, मॅथ्यू व्हान डर पूल जिंकला. २०२३ मध्ये तर युरोपियन चॅम्पियनशिपच्या रोड रेसची फिनिश लाइन त्या टेकडीवर होती. पुरुषांत ख्रिस्तोफ लापोर्त जिंकला, महिलांत मिशा ब्रेडेवोल्ड.

मैत्रीण आणि मी होगेवेन स्टेशनला उतरून सायकलने निघालो. दोन्ही बाजूंना हिरवीगार शेतं, गाई आणि समोरून नुसता वारा. मग समोर ती दिसली. खरं सांगू? आपल्याकडच्या माणसाला हसूच येईल. सिंहगड चढणारा तिला गतिरोधक म्हणेल. पण तिथे ती एकटीच उंच आहे, म्हणून डोंगर. टेकडीवर जाणारे दोन-तीन वेगवेगळे रस्ते, कुठे डांबर, कुठे ओबडधोबड दगड. डांबरावर मी कशीबशी टिकले. दगडांवर सरळ उतरले आणि सायकल ढकलत निघाले. सत्तरीच्या एका आजीबाईंनी मला ओव्हरटेक केलं, वर हात हलवून शुभेच्छाही दिल्या.

वर पोचल्यावर सगळे फोटो काढत होते. मी काय केलं असेल? सवयीने वास घेतला. घरी असताना अंगणात पाऊल टाकलं की मी आधी वास घेते, वारा कुठून येतोय ते बघते. इथे गवताचा वास येत होता. मला एकदम भरून आलं. मैत्रीण म्हणाली, “अगं, दमलीस का?” तिला काय सांगणार! शाळेत असताना ती आमच्या घरी एकदाच आली होती, आणि जेवण न करताच परत गेली होती. मी तिला तेव्हाही दोष दिला नाही आणि आताही देत नाही. पण त्या टेकडीवर उभं राहून मला पहिल्यांदाच वाटलं, की आमच्या गावाचं नशीब हे नशीब नाहीच मुळी. कचऱ्याशेजारी असंही जगता येतं.

परत आल्यावर वेड्यासारखं वाचलं. कचऱ्याचा ढीग नीट बंद करायचा म्हणजे वरून चार टोपल्या माती टाकणं नव्हे. आधी उतार सरळ करायचे, चिकणमाती आणि प्लॅस्टिकच्या जाड चादरीने तो झाकायचा, म्हणजे पावसाचं पाणी आत मुरत नाही. आत कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघत राहतो, तो पाइपांनी बाहेर काढायचा. तळाशी येणारं काळं पाणी गोळा करून शुद्ध करायचं. एवढं करूनही ढीग वर्षानुवर्षं खचत राहतो, तोही एका जागी जास्त, एका जागी कमी. त्यावरच्या रस्त्याला तडे जाणारच. हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. मुंबईचं गोराईचं डम्पिंग ग्राउंड २००० च्या दशकाच्या अखेरीस असंच शास्त्रीय पद्धतीने बंद केलं गेलं. पण त्याच मुंबईत १९२७ पासून कचरा झेलणाऱ्या देवनारला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, तेव्हा तिचा धूर उपग्रहांच्या फोटोंत दिसला. दिल्लीत गाझीपूरच्या ढिगाचा एक भाग सप्टेंबर २०१७ मध्ये कोसळला आणि दोन माणसं गेली. आत वायू, पोटात पाणी आणि वर सेल्फी पॉइंट... कल्पना करून बघा.

भावाला हे सगळं सांगितलं. आधी फोटो दाखवले, तेव्हा स्वारी खूश. “बघ, मी म्हणत नव्हतो?” मग बाकीचं सांगायला लागले तसा चेहरा उतरत गेला. म्हटलं, जमीन विकू नकोस. रस्त्याला तडे गेले तर ते बुजवायला तुझ्याकडे दुसरी पंधरा गुंठे नाहीयेत. ड्रेंथची टेकडी एका माणसाने शेत विकून उभी केलेली नाही. तिच्यामागे प्रांताचं सरकार आणि कचरा कंपनी होती. आणि मुख्य म्हणजे हा ढीग तुझा नाही. उद्या चढ हिट झाला तर बाहेरचा मोठा ठेकेदार येईल आणि तू गेटवर पार्किंगच्या पावत्या फाडत बसशील.

“म्हणजे तुझ्या डच लोकांनी केलं की फॅशन आणि आम्ही केलं की येडेपणा,” तो म्हणाला आणि निघून गेला. तीन आठवडे बोलला नाही. मला त्याचा राग समजतो. तो माझ्यासारखा शहरात पळून आलेला नाही. लग्नाचं स्थळ बघायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावून परत जातात, हे त्याच्या बाबतीत या वर्षात दोनदा झालंय. त्याला धंदा हवाय हे खरं, पण त्याहून जास्त त्याला हवंय ते लोकांनी आपल्या गावात आपणहून यावं. तेही आनंदाने, पैसे देऊन. मला ही मागणी अजिबात येडेपणाची वाटत नाही.

जमीन त्याने विकली नाही. काकूने मला पाव किलो तिळाची चटणी पाठवली, म्हणजे केस मी जिंकले. आणि गेल्या ग्रामसभेत साहेबांनी, म्हणजे आमच्या बंधुराजांनी, उभं राहून तीन प्रश्न विचारले. बंद केलेल्या भागातला वायू काढायचे पाइप कधी लावणार? विहिरींचं पाणी तपासल्याचा रिपोर्ट गावाला कधी दाखवणार? आणि उद्या त्या ढिगावर बाग, ट्रॅक, काहीही झालं, तर उत्पन्नातला गावाचा वाटा किती? तिसऱ्या प्रश्नावर लोक हसले. तो नाही हसला. ते प्रश्न कागदावर लिहून त्याने पोच घेतलीय आणि पोचपावती मला व्हॉट्सॲपवर पाठवलीय. खाली एकच ओळ, “आता तरी छापशील ना?”

छापलं, बाबा!

तर मंडळी, आता प्रश्न तुम्हाला. हे सगळं नीट झालं, वायू निघाला, पाणी स्वच्छ झालं, गेटवर आमच्या गावची पोरं तिकिटं फाडायला बसली, तर एका रविवारी याल का सायकल घेऊन? पन्नास रुपये जास्त वाटतात? पण बाराशेंचा पिझ्झा मागवताना आपण एवढा विचार करत नाही. त्या पिझ्झ्याचा खोका, टोमॅटो केचपची पाकिटं, प्लॅस्टिकचा चमचा, सगळं सोमवारी सकाळी घंटागाडीत जातं आणि दुपारपर्यंत आमच्या घरामागे पोचतं. साडेतेवीस कोटींचं गणित मी उगाचच मांडलं म्हणा. तुमच्या-माझ्यासारख्यांनी रोज एक पिशवी टाकून तो डोंगर केव्हाच बांधून ठेवलाय. रस्ता तेवढा व्हायचाय.